वाचलेला वेळ, सुटलेले लक्ष

एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करणाऱ्या लिपिकाची कल्पना करावी. दर वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज जमा झाले, की संगणकावरील एका तक्त्यातील नावे दुसऱ्या तक्त्यात उतरविण्याचे काम त्याच्याकडे येते. प्रत्येक नावापुढे प्रवेशाचा क्रमांक, बँकेतील खात्याचा क्रमांक, मागील परीक्षेचे गुण आणि उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख भरावयाची असते. नावे ४००, एकाच हालचालीची ४०० आवर्तने. डोळे चुरचुरतात, पाठ अवघडते, आणि चौथ्या दिवशी काम संपते तेव्हा काही घडविल्याचे समाधान वाटत नाही. एकदाचे सुटलो, एवढीच भावना उरते. एके वर्षी हा लिपिक आज्ञावली लिहावयास शिकतो. दोन संध्याकाळी खर्ची घालून तो हे उतरवून घेण्याचे काम संगणकावरच सोपवितो, आणि चार दिवसांचे काम चार मिनिटांत पार पडते.

या चार मिनिटांनंतर त्याला होणारा आनंद खरा आहे, आणि त्याविषयी प्रारंभीच निःशंक असले पाहिजे. कष्टाला केवळ तो कष्ट आहे म्हणून पावित्र्य बहाल करण्याची एक सवय सुस्थित समाजात आढळते. कष्ट दुसऱ्याचे असतात तेव्हा ही सवय विशेष बळावते. परंतु निरर्थक आवर्तनात माणसाचे काही उन्नयन होते, असे ते आवर्तन प्रत्यक्ष करणाऱ्याने क्वचितच म्हटले असेल. लिपिकाने आपली सुटका आपल्या बुद्धीने करून घेतली आणि कोणाचेही काही हिरावून घेतले नाही. तरीही त्याच्या या निर्दोष कृतीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. त्याने संगणकाच्या स्वाधीन नेमके काय केले?

या सुटकेची आस फार जुनी आहे. 'राज्यशास्त्र' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ॲरिस्टॉटलने अशी कल्पना केली होती, की मागावरचा धोटा आपण होऊन विणू लागला तर धन्याला दासांची गरज उरणार नाही. त्याच्या दृष्टीने हे अशक्याचे उदाहरण होते. दास्य अपरिहार्य आहे हे दाखविण्यासाठी ते त्याने दिले. पुढे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कालने कर-अधिकारी असलेल्या आपल्या वडिलांची आकडेमोड हलकी व्हावी म्हणून १६४२ मध्ये बेरजेचे यंत्र रचले, तेव्हा तो विशीतही पोहोचला नव्हता. लायब्निट्झने १६८५ च्या सुमारास आपल्या गणनयंत्राविषयी लिहिताना, थोर बुद्धीच्या माणसांनी गुलामांप्रमाणे आकडेमोडीत तास घालवावेत हे त्यांना शोभत नाही, असा विचार मांडला. यंत्राविषयीच्या या सगळ्या चिंतनात दासाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. पुनरुक्तीचे काम म्हणजे दास्य, आणि यंत्र म्हणजे ज्याला दुःख होत नाही असा दास, ही धारणा तेव्हापासून दृढ झाली.

तिला एक विलक्षण पुष्टी फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काळात मिळाली. गास्पार द प्रोनी याच्याकडे लॉगरिथमचे प्रचंड कोष्टक तयार करण्याचे काम आले होते. ॲडम स्मिथच्या श्रमविभागणीच्या तत्त्वावरून त्याने गणकांचे तीन थर केले. वरच्या थरात मोजके गणिती होते, मधल्या थरात सूत्रांना आकड्यांचे रूप देणारे जाणकार, आणि खालच्या थरात केवळ बेरीज-वजाबाकी करणारी माणसे. या प्रकल्पाचे वर्णन चार्ल्स बॅबेजने १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. खालच्या थरातील बहुसंख्य लोकांना बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित येत नव्हते आणि ज्यांना अधिक येत होते त्यांच्यापेक्षा या लोकांच्याच चुका सामान्यतः कमी होत, अशी नोंद त्याने तेथे केली. ज्या कामात अधिक जाणणे हा अडथळा ठरतो ते काम माणसाचे नाहीच, असा निष्कर्ष यातून सहज निघतो. बॅबेज स्वतः १८२१ मध्ये मित्रासह कोष्टके तपासताना चुकांनी त्रासून गेला होता आणि ही आकडेमोड वाफेच्या शक्तीने व्हावी अशी इच्छा त्याने बोलून दाखविली होती. त्याचे यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. त्याने कागदावर रेखाटलेल्या दुसऱ्या यंत्राचा गणन करणारा भाग लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ मध्ये बांधून दाखविला, आणि ते बिनचूक चालले.

बॅबेजला कारागीर, निधी आणि शासनाचा आश्रय यांची गरज होती. आजच्या लिपिकाला यांपैकी कशाचीही गरज नाही. १९७९ मध्ये 'व्हिसिकॅल्क' हा संगणकीय तक्ता बाजारात आला. कागदी तक्त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे खोडून पुन्हा मांडावे लागत. नव्या तक्त्यात ते आपोआप बदलू लागले. लेखनिक, हिशेबनीस, संशोधक, जो तो आपल्यापुरता बॅबेज झाला. १९९१ मध्ये 'पर्ल' या संगणकभाषेविषयीच्या पुस्तकात लॅरी वॉल आणि त्याच्या सहलेखकाने आळसाला प्रोग्रामरच्या तीन सद्गुणांत स्थान दिले. पुढचे श्रम टाळण्यासाठी आज अधिक श्रम करावयास लावणारा आळस त्यांना अभिप्रेत होता. त्यात विनोद होता तसे तथ्यही होते.

भारतात संगणकाविषयीचा वाद सुरुवातीला वेगळ्या भूमीवर झाला. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळातील संगणकाला कर्मचाऱ्यांनी, विशेषतः कलकत्त्यात, तीव्र विरोध केला. बँकांतील यांत्रिकीकरण १९८३ मध्ये संघटनांशी करार झाल्यावरच मार्गी लागले. तो भाकरीचा प्रश्न होता, आणि भाकरीचा प्रश्न तत्त्वचर्चेने सुटत नाही. दुसरा वाद वाचलेल्या वेळेच्या मालकीचा आहे. शंभर वर्षांत माणसाला आठवड्याचे १५ तास काम पुरेल, असा अंदाज केन्सने १९३० मध्ये वर्तविला होता. तो अंदाज खरा ठरला नाही. वाचलेल्या वेळात बहुधा दुसरे कामच येऊन बसते. हे दोन्ही प्रश्न गंभीर आहेत. परंतु प्रस्तुत लिपिकाची नोकरी गेलेली नाही आणि त्याचे वाचलेले दिवस कोणी काढून घेतले नाहीत, असे क्षणभर मानले तरी तिसरा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाकडे गांधीजींच्या एका विवेचनाने जाता येते. १९२४ मध्ये एका विद्यार्थ्याशी झालेल्या संभाषणात त्यांनी आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे असे स्पष्ट केले. शिवणयंत्राला त्यांनी अपवाद म्हणून मान्यता दिली. पत्नीला हाताने टाके घालीत बसावे लागते हे पाहून सिंगरने तिच्यावरील प्रेमापोटी ते यंत्र केले, असे त्यांचे म्हणणे होते. इतिहास या कथेला दुजोरा देतो की नाही, हा भाग अलाहिदा. महत्त्वाची आहे ती त्यांनी तेथेच घालून दिलेली कसोटी. यंत्राने माणसाचे अवयव निकामी होता कामा नयेत, असे त्यांनी म्हटले. चरख्याच्या संदर्भात अवयव म्हणजे हात, हे उघड होते. लिपिकाच्या आज्ञावलीने त्याची बोटे निकामी होत नाहीत. तिने निकामी होणारा अवयव कोणता, हे शोधावयास हवे.

हाताने नावे उतरविण्याच्या त्या वर्षांत लिपिकाकडून आणखीही काही घडत असे. एखादे नाव लिहिताना त्याच्या मनात येई, की या मुलीची धाकटी बहीण मागच्या वर्षी यादीत होती, यंदा ती दिसत नाही. तो वर्गावर निरोप पाठवी. उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळाला नाही म्हणून मुलीने अर्जच केला नव्हता, असे कळे. शिपाई, प्राध्यापक, तहसील कार्यालयातील एखादा परिचित अशी साखळी हलू लागे आणि अखेरच्या तारखेच्या आत अर्ज दाखल होई. दोन नावांपुढे एकच खातेक्रमांक पडला आहे हेही त्याच्या ध्यानात असेच येई. हे त्याचे काम नव्हते. त्याच्या कर्तव्यांच्या यादीत यातले काहीही लिहिलेले नव्हते, आणि विचारले असते तर आपण असे काही करतो हे त्यालाही सांगता आले नसते. म्हणूनच आज्ञावली लिहिताना त्याने ते तीत घातले नाही. जे काम शब्दांत सांगता येते तेच यंत्राला सोपविता येते. ज्याचे वर्णन झालेले नाही ते मागे राहते, आणि ते करण्याचे स्थळच नाहीसे झाल्यामुळे यथावकाश लोप पावते. ज्या वर्षी चार मिनिटांत यादी झाली त्या वर्षी न आलेल्या नावाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. यादीत कोणतीही चूक नव्हती. आलेले प्रत्येक नाव बरोबर होते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो बळकट आहे. माणूस लक्ष देतो त्याहून अधिक वेळा चुकतो. द प्रोनीच्या गणकांचा दाखला वर आलाच आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तर याचे मोठे उदाहरण घरचेच आहे. हातोहात नकला होता होता ज्ञानेश्वरीत इतके अपपाठ शिरले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. नक्कल करणारे श्रद्धावान होते, आणि तरीही चुकले. यंत्र असे चुकले नसते. परंतु याच घटनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. यंत्र मूळ प्रतीतील अपपाठाचीही नक्कल तितक्याच निष्ठेने करते. अशुद्ध ओवीपाशी ते थबकत नाही. थबकणे हे एकनाथांचे काम होते, आणि ग्रंथाच्या सततच्या वाचनाने ज्याचा कान घडला आहे त्यालाच ते साधते. एकाच आवर्तनातून नकलनवीसाची चूक जन्मते आणि संपादकाची दृष्टीही. आवर्तनाची चूक काढून टाकताना तिच्या शेजारी वाढलेली दृष्टी अलगद बाजूला काढून ठेवता येईल, असे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

अलीकडच्या काळातील एक घटना या दृष्टीने फार बोलकी आहे. मानवी जनुकांना शास्त्रज्ञांनी दिलेल्या संक्षिप्त नावांत 'सेप्ट-२', 'मार्च-१' यांसारखी नावे होती. 'एक्सेल' या तक्त्यात ती लिहिताच, वापरणाऱ्याला तारीख लिहावयाची आहे असे समजून तो त्यांचे रूपांतर सप्टेंबरच्या किंवा मार्चच्या तारखेत करी. ही त्याने न मागता केलेली मदत होती. या दोषाकडे २००४ मध्येच लक्ष वेधण्यात आले होते. तरीही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अशा तक्त्यांतून जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत जनुकांची नावे बिघडलेली आढळली. याद्या विद्वानांच्या होत्या आणि परीक्षकांच्या हातांखालून गेल्या होत्या. अखेर २०२० मध्ये जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावेच बदलली. तक्त्यात तो आपोआप होणारा बदल थांबविण्याची सोय पुढे २०२३ मध्ये आली; तोपर्यंत यंत्राच्या सवयीला मानवी ज्ञानाने वाट करून दिली होती.

दुसरा आक्षेप असा घेतला जाईल, की लक्ष देण्याचे हे कामही आज्ञावलीत घालता येते. मागच्या वर्षीची यादी ताडून पाहण्यास यंत्राला सांगावे, म्हणजे गळलेले नाव ते दाखवील. हे खरे आहे, आणि तसे केलेच पाहिजे. परंतु जी उणीव एकदा दिसली तिच्यासाठीच अशी तपासणी लिहिता येते. पुढची उणीव दिसावयास पुन्हा कोणीतरी पाहणारा लागतो. लिझन बेनब्रिज या मानसशास्त्राच्या अभ्यासिकेने १९८३ मध्ये स्वयंचलनातील विपरीततांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यातील युक्तिवाद आजही निरुत्तर करणारा आहे. यंत्र जितके परिपूर्ण होत जाते तितके माणसाकडे उरलेले काम अवघड होत जाते, कारण यंत्राला न झेपणारे प्रसंगच तेवढे त्याच्या वाट्याला येतात. अशा प्रसंगी लागणारे कौशल्य रोजच्या कामातून टिकते, आणि रोजचे काम तर यंत्राकडे गेलेले असते. शिवाय जेथे बहुधा काहीच बिघडत नाही तेथे तासन्‌तास नजर ठेवणे माणसाला नीट जमतही नाही. बेनब्रिजच्या डोळ्यांसमोर मोठे कारखाने होते. लिपिकाच्या टेबलावरील संगणकाला तिचे म्हणणे तितकेच लागू पडते.

येथून प्रश्न कौशल्यापाशी न थांबता उत्तरदायित्वाकडे वळतो. इंग्लंडमधील टपाल खात्याच्या शाखांत १९९९ पासून 'होरायझन' ही हिशेबाची संगणकप्रणाली बसविण्यात आली. तिच्यातील दोषांमुळे अनेक शाखाचालकांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. त्यांनी आपली बाजू सांगितली. परंतु पडद्यावरचा आकडा त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता, आणि संगणक बरोबर चालत होता असेच गृहीत धरण्याचा संकेत तेथील न्यायव्यवहारात रूढ होता. ९०० हून अधिक माणसे चोरीच्या वा अफरातफरीच्या आरोपांखाली दोषी ठरली, कित्येकांनी तुरुंगवास भोगला. प्रणालीत दोष होते हे न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले, आणि बहुतेकांवरील डाग पुसण्यासाठी २०२४ मध्ये कायदा करावा लागला. या प्रकरणात प्रत्येक पायरीवर माणसे होती. 'आकडे असे सांगतात' एवढेच त्यांतील प्रत्येकाला म्हणावयाचे होते. काम सोपविता सोपविता, ते बरोबर झाले का हे विचारण्याची जबाबदारीही त्यांनी सोपवून दिली होती, आणि यंत्राने ती कधीच स्वीकारलेली नव्हती.

मग काय करावे? मागे जाणे हे उत्तर नव्हे. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या बायकांनी रचलेल्या ओव्या हे मराठीचे केवढे मोठे धन आहे, हे गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी चालविलेल्या संकलनाने दाखवून दिले. त्यात जमलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली. पिठाची गिरणी गावात आली आणि जात्याबरोबर ओवीही मागे पडली. ओवीसाठी बायकांनी पुन्हा जाते ओढावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, ओवीवर प्रबंध लिहिणाऱ्याला तर मुळीच नाही. तथापि जात्याने पिठाखेरीज आणखी काही दिले होते, ते गिरणीला देता येत नव्हते, आणि ते कोठे ठेवावे याचा विचार कोणी केला नव्हता, एवढे मान्य करण्यास हरकत नसावी. गेले ते जात्यापाशी एकमेकींना आपले सुखदुःख सांगण्याचे स्थळ. कष्ट संपले हे योग्यच झाले. स्थळ संपले ते केवळ कोणी त्याचे नाव घेतले नाही म्हणून.

यंत्र कसे असावे याचेही एक उत्तर मागाच्याच इतिहासात सापडते. ॲरिस्टॉटलला अशक्य वाटलेला धोटा जपानमध्ये साकिची टोयोडा याने आपोआप चालविला, आणि १९२४ मधील त्याच्या स्वयंचलित मागाचे वैशिष्ट्य त्याच्या वेगात जितके होते तितकेच त्याच्या थांबण्यात होते. एखादा धागा तुटला की तो माग स्वतःहून थांबे. तुटक्या धाग्यावर विणीत राहणे हे त्याला चालणेच वाटत नसे, असे लाक्षणिक अर्थाने म्हणता येईल. थांबून माणसाला बोलावणाऱ्या यंत्रात माणसाच्या लक्षाला जागा ठेवलेली असते. जे यंत्र शंका आली तरी काहीतरी उत्तर देऊन पुढे जाते, ते त्या लक्षाची जागाच बुजवून टाकते. आपल्यापुरती आज्ञावली लिहिणाऱ्याने या दोहोंपैकी कोणता माग आपण बांधीत आहोत हे स्वतःला विचारणे, हा त्याच्या कृतीचा नैतिक भाग आहे. तिचा वेग हा तांत्रिक भाग झाला.

याच न्यायाने वाचलेल्या वेळेवरही एक ऋण असते. चार दिवस वाचले ते ज्या कामातून वाचले त्या कामाचे, आणि ते काम ज्यांच्यासाठी होते त्या माणसांचे, त्या वेळेवर पहिले देणे आहे. 'वैयक्तिक कार्यक्षमता' हा शब्द या देण्याची नोंद ठेवीत नाही. किती वेळात किती काम झाले, एवढेच त्याला मोजता येते. त्या मोजमापाने लिपिक पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी कार्यक्षम झाला आहे, आणि यादीत न आलेली मुलगी त्या हिशेबात कोठेच बसत नाही.

हा लिपिक आज्ञावली पुसून टाकणार नाही, आणि त्याने ती पुसूही नये. परंतु चार मिनिटांत सिद्ध झालेली ४०० नावांची यादी समोर ठेवून तो वाचलेल्या चार दिवसांतील एक सकाळ ती सावकाश वाचण्यात घालवू शकतो. उतरविण्यासाठी नव्हे, ती कामगिरी यंत्राने चोख बजावली आहे. प्रत्येक नावापाशी क्षणभर थांबावे, त्यामागचा चेहरा आठवून पाहावा, आणि कोण आलेले नाही हे पाहावे. या सकाळी त्याच्या हातून एकही अक्षर लिहिले जाणार नाही. कदाचित एकच निरोप जाईल.